बाटले नाही, काका

परवा चर्चच्या पायरीवरचा फोटो गावच्या ग्रुपवर टाकला आणि पाच मिनिटांत काकांचा मेसेज, "चर्चात काय करतंस गो? बाटलंस की काय?" नाही बाटले. फोनवर नीट सांगता येईना, म्हणून इथे लिहितेय.

हे अमेरिकेतल्या अटलांटाचं एबेनेझर बॅप्टिस्ट चर्च. काळ्यांच्या हक्कांसाठी लढलेले मार्टिन ल्यूथर किंग १९६० पासून खून होईपर्यंत इथे वडिलांसोबत पास्टर होते, म्हणून जग ओळखतं. पण चर्च १८८६ चं, गुलामगिरी संपून जेमतेम वीस वर्षं झालेली. किंगचे आईकडचे आजोबा १८९४ ला आले तेव्हा १३ मेंबर होते. त्यांनी ते वाढवलं, मग जावयाने सांभाळलं, मग नातवाने. त्याच चर्चमध्ये १९७४ ला रविवारी ऑर्गन वाजवत असताना किंगच्या आईलाही गोळ्या घातल्या. हे वाचलं आणि मी तिथेच बाकावर बसले.

चर्च ज्या रस्त्यावर आहे तो ऑबर्न अ‍ॅव्हेन्यू. गोऱ्यांच्या वस्तीत थारा नाही म्हणून काळ्या लोकांनी इथे स्वतःची बँक, विमा कंपनी, पेपर सगळं उभं केलं. विमा कंपनीवाला अलोंझो हर्नडन गुलाम म्हणून जन्मलेला, न्हाव्याचं काम करून मोठा झाला. १९५६ ला फॉर्च्यून मासिकाने लिहिलं की काळ्यांचा जगातला सगळ्यात श्रीमंत रस्ता हाच. आणि मग त्याच्यावरून हायवे नेला. चर्चपासून डाउनटाउनकडे चालत निघालं की थोड्याच वेळात डोक्यावर तो येतो, वर गाड्यांचा घोंघाट, खाली गारठा आणि अंधार. घरं गेली, दुकानं गेली, पुढे कायदा बदलून कुठेही राहता यायला लागलं तेव्हा उरलेलेही पांगले. पुलाखाली उभी असताना मला आमची पडवी आठवली, रुंदीकरणात गेलेली, आणि पडवीपुढचा कापा फणस. मोबदला मिळाला, हो मिळाला, पण आई अजून भाजी निवडायला कुठे बसावं ते शोधत घरभर फिरते.

चर्चमध्ये शेजारी एक आजी होत्या. ऐंशीच्या पुढच्या, डोक्यावर जांभळी हॅट. पुलाच्या जागी त्यांचं घर होतं. आता पाऊण तास गाडीने लांब राहतात, तरी दर रविवारी इथेच. जवळ चर्च नाही का, विचारलं तर म्हणाल्या, आहेत की, पण माझी माणसं इथे येतात.

मला एकदम चवथीची गाडी दिसली. मुंबईहून उभ्याने येणारे आपले चाकरमानी, दोन दिवसांसाठी गणपतीवर रानफळं-फुलांची माटवी बांधणारे. आपण काही कमी नाही, उलट आपली माणसं अख्खी रात्र प्रवास करून येतात, पाऊण तासाचं काय, असं मी त्यांना जरा जोरातच सांगितलं. त्या कौतुकाने ऐकत होत्या. मग विचारलं, तू शेवटची कधी गेलीस?

चार वर्षं झाली. व्हिसाचं काम अडकलेलं, मग पिल्लू झालं, तिकिटं चवथीला दुप्पट, हे सगळं खरं आहे आणि ज्याला करावं लागतं त्यालाच कळतं. आजींनी माझा हात हातात घेतला आणि काहीच बोलल्या नाहीत.

काका, माटवीला कवंडळं आणि हरणं माझ्या वाटची बांधा. फोटो पाठवा. पुढच्या चवथीची रजा मी सोमवारीच टाकलीय.