गोलाईतली कोजागिरी

आमच्या मंडळाची कोजागिरी दरवर्षी लातूरच्या गंजगोलाईतच, एका दुकानाच्या माडीवर. अहवालवाचन, शाल-श्रीफळ, पाहुण्यांचे दोन शब्द (दोनाचे दोनशे होतात) हे सगळं दूध आटेपर्यंत उरकून जातं.

आम्ही जातो ते गुरुजींसाठी. माईक बाजूला सारून ते गोलाईची गोष्ट सुरू करतात: साल १९१७, निजामाचं राज्य, फैयाजुद्दीन नावाचा नगररचनाकार. मधोमध अंबाबाईचं देऊळ, भोवती दुमजली गोल बाजारपेठ आणि तिला येऊन मिळणारे सोळा रस्ते. १९११ ला बार्शी लाईटची छोटी रेल्वे लातूरला आली नसती तर एवढी पेठ मांडायची कुणाची छाती झाली नसती, हे त्यांचं ठाम मत. त्यावर वाद घालणारा दरवर्षी एक तरी निघतोच.

मग पोरांना कठड्याशी उभं करून एकेक रस्ता ओळखायला लावतात. सराफ लाईन, कापड लाईन, भुसार लाईन इथवर गाडी सुसाट. पुढं चपलांचा कुठला, गुळाचा कुठला, यात पोरं अडखळतात, मोठेही आभाळाकडं बघतात. एकदा मागं सतरंजीवर बसलेल्या हमाल मामांनी जागचं न उठता, नुसत्या बोटानं, उरलेले सगळे रस्ते मोजून दाखवले. "पोती वाहिलीत की हो तिथून," एवढंच म्हणाले. गुरुजींनी स्वतःच्या गळ्यातला हार काढून त्यांच्या गळ्यात घातला. मला आजही ते सांगताना नीट बोलता येत नाही.

१९८२ ला लातूर जिल्हा झाला, गाव चहूकडं पसरलं. लांब राहायला गेलेले सभासद आता "पार्किंग नाही हो तिथं" म्हणतात. दिवाळीच्या कापडखरेदीला बरं सापडतं!

नावं छापली की एखादं राहतं आणि वर्षभर अबोला, म्हणून कामंच सांगतो. माडी देणारे शेठजी, बिल न लावणारा लाईटवाला, दुधाशेजारून न हलणारे आचारी, वेलदोडे-जायफळ घरून कुटून आणणाऱ्या वहिनी, सतरंज्या जिन्यावरून चढवणारी कॉलेजची पोरं, म्हाताऱ्यांना रिक्षात बसवून देणारे पानवाले काका. आणि रात्री एक वाजता पातेली घासणारी ती दोघं भावंडं. गेल्या अहवालात सेक्रेटरींनी त्यांना गाळलं होतं. यंदाचा अहवाल मी लिहिणार आहे.