डाव्या बाजूची पालेभाजी

तेल नाही, फोडणी नाही, कांदा-लसूण नाही आणि वर वाढायची ती थंडच. अशा पदार्थाला भाजी म्हणावे की नाही, यावरून माझा आणि आईचा पहिला वाद व्हिडिओ कॉलवर झाला. मी तोक्योच्या एदोगावा विभागातल्या निशिकासाई भागात राहतो. इथे भारतीय इतके आहेत की तूरडाळ, हिंग, मोहरी हे सारे घरापासून पायी जाण्याच्या अंतरावर मिळते, त्यामुळे "साहित्य मिळाले नाही" ही सबब मला उपलब्ध नव्हती. "अरे, मग फोडणी का नाही घातलीस?" या तिच्या प्रश्नाला माझ्यापाशी तेव्हा खरोखरच उत्तर नव्हते.

पदार्थाचे नाव होरेन्सो नो गोमाआए. होरेन्सो म्हणजे पालक आणि गोमा म्हणजे तीळ. आए हा शब्द आएरू या क्रियापदावरून आलेला आहे आणि त्याला मराठीत 'कालवणे' याहून नेमका प्रतिशब्द मला सुचत नाही. तिळात कालवलेला पालक, एवढाच त्याचा अर्थ. एका जुडीला, म्हणजे साधारण २०० ग्रॅम पालकाला, तीन मोठे चमचे तीळ, एक मोठा चमचा शोयू म्हणजे सोया सॉस आणि दोन लहान चमचे साखर लागते. इतक्या कमी जिनसांत बिघडण्यासारखे काय असणार, असे वाटून मी तो करायला घेतला आणि सलग तीन वेळा बिघडवला.

पहिल्या वेळी मी पालक आपल्या पातळ भाजीसाठी शिजवतात तसा मऊ शिजवला आणि सकाळीच कालवून डब्यात भरून ठेवला. रात्री उघडला तर तळाशी काळपट पाणी आणि त्यात पोहणारा चोथा. दुसऱ्या वेळी आईचा शब्द मान्य करून वरून हिंग-मोहरीची फोडणी दिली, तेव्हा तिळाचा वास कुठल्या कुठे पळाला. तिसऱ्या वेळेचे सांगत नाही.

शेवटी शेजारच्या आजींनी मला त्यांच्या स्वयंपाकघरात उभे करून दाखवले. जपानमध्ये पालकाची जुडी गुलाबी बुडख्यांसकट मिळते. मी ती बुडखी कापून टाकत असे. आजींनी त्यांना फुलीसारखी चीर दिली, माती निघेपर्यंत पाण्यात खळबळली आणि देठांची टोके जुळवून जुडी उकळत्या, मीठ घातलेल्या पाण्यात उभी धरली. गोडवा त्या गुलाबी भागातच असतो, विशेषतः थंडीत. आधी नुसते देठ, मग अर्ध्या मिनिटाने पाने, आणि एकूण एक मिनिट झाल्याबरोबर सगळे गार पाण्यात. हिरवा रंग टिकतो तो त्या गार पाण्यामुळे. शिवाय पालकातले ऑक्झॅलिक आम्ल, ज्याने दात आंबल्यासारखे होतात, त्यातले बरेचसे या दोन्ही पाण्यांबरोबर निघून जाते.

यानंतरची कृती पाककृतीच्या पुस्तकात एका ओळीत उरकलेली असते आणि सारी मेख तिथेच आहे. पालक पिळायचा. धुणे पिळतात तसा पीळ देऊन नव्हे, तर दोन्ही तळव्यांत जुडी आडवी धरून वरपासून खालपर्यंत दाबत न्यायचे. मी पिळून ठेवलेली जुडी आजींनी उचलली आणि तिच्यातून आणखी अर्धी वाटी पाणी काढले. मग त्यांनी तिच्यावर थोडा शोयू शिंपडून ती पुन्हा हलकेच पिळली. त्याने उरलेले पाणी निघते आणि त्याच्या जागी थोडी चव आत जाते. एवढे झाल्यावर आख्ख्या जुडीचा मुठीत मावेल एवढा गोळा उरतो. तो चार-पाच सेंटिमीटरच्या तुकड्यांत कापला की पालकाचे काम संपले.

तीळ कोरडेच गरम करायचे, दोन-तीन दाणे तडतडले की पुरे, आणि सुरीबाचीत घालायचे. सुरीबाची म्हणजे आतून फणीने ओढल्यासारख्या बारीक रेघा असलेला मातीचा खोल वाडगा. तिच्यात आपल्या खलबत्त्यासारखे कुटायचे नसते आणि पाट्यावर वाटतात तसे वाटायचेही नसते; जवळचे क्रियापद शोधायचे तर वैद्याचे खलणे. खाली ओला फडका ठेवायचा, एका हाताने सुरीकोगी हा दांडा वरून धरायचा आणि दुसऱ्या हाताने तो गोल फिरवायचा. चांगला दांडा सान्शोच्या लाकडाचा असतो. हा सान्शो म्हणजे कोकणातल्या तिरफळाचाच सगोत्र, हे कळल्यावर मला त्या परक्या दांड्याविषयी उगाचच आपुलकी वाटू लागली. दहांतले दोन दाणे अख्खे राहिले की थांबावे. मिक्सरमध्ये हे साधत नाही. तिथे एक तर तीळ नुसते फिरतात, नाहीतर एकदम तेल सुटून लगदा होतो.

घासताना तीळ वाडग्याला सगळीकडून चिकटतात. म्हणूनच म्हणे जपानीत खुशामत करण्याला 'तीळ घासणे' म्हणतात, आपण लोणी लावतो तसे. रेघांत अडकलेले तीळ धुऊन काढणे हा मात्र विनोदाचा विषय नाही. त्यावर उपाय असा की साखर आणि शोयू त्याच वाडग्यात घालून पालकही तिथेच कालवायचा, म्हणजे रेघा आपोआप पुसल्या जातात. हे कालवणे जेवायला बसायच्या क्षणी करायचे, आधी नाही.

आजींनी हे शेवटचे वाक्य उच्चारले तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आयत्या वेळी कालवायची, नाहीतर पाणी सुटते, हा नियम मला लहानपणापासून पाठ होता, पण तो काकडीच्या कोशिंबिरीचा. पालेभाजी दिसली म्हणून मी तिला उजव्या बाजूच्या नियमांत बसवत होतो. भाकरीबरोबर पोटभर खायची, म्हणून भरपूर आणि गरम. गोमाआए तशी नव्हेच. तिची वाटी, कोबाची, तळव्यात मावेल एवढी असते. तिच्यात चार घास मधोमध उंच रचून ठेवतात आणि कडेची जागा मोकळी सोडतात. जपानी ताटातही भात पुढे डावीकडे, सूप पुढे उजवीकडे, मुख्य पदार्थ मागे उजवीकडे आणि अशी भाजी साधारणपणे मागे डावीकडे वाढतात. म्हणजे ती अक्षरशः डाव्या बाजूची निघाली.

हल्ली मी पालकाऐवजी बहुधा कोमात्सुना आणतो. मोहरीच्या कुळातली ही पालेभाजी आमच्याच एदोगावाची. १७१९ साली जपानचा आठवा शोगुन, म्हणजे लष्करी राज्यकर्ता, तोकुगावा योशिमुने ससाण्यांसह शिकारीला इकडे आला असता त्याला ही भाजी घातलेले सूप वाढले गेले आणि त्याने इथल्या कोमात्सुगावा या गावावरून तिला नाव दिले, अशी कथा सांगतात. तिच्यात ऑक्झॅलिक आम्ल फारच कमी असल्याने उकळून घेण्याची चिंताही कमी. चवीला मात्र पालकच सरस, असे मला अजून वाटते. हे मत आमच्या विभागात मोठ्याने बोलत नाही.

हा डाव्या बाजूचा खुलासा मी आईला कळवला. तिने तो ऐकून घेतला आणि विषय बदलला. संक्रांतीनंतर घरात तीळ उरले होते, तेव्हा तिने माठाची कोवळी पाने घेऊन हा प्रकार करून पाहिला आणि ताटाचा फोटो पाठवला. वाटी लहान होती, मिठाच्या आणि लोणच्याच्या शेजारी रीतसर डावीकडे वाढलेली होती, भाजीही मधोमध उंच रचलेली होती. फोटो मोठा करून पाहिला तेव्हा तिच्या माथ्यावर मोहरीचे चार दाणे दिसले.