जुनी घोंगडी जपताना

पाहुणा आला की ओटीवर टाकायची, रात्री अंथरायची, थंडीत पांघरायची, अशी घोंगडी अजून अनेक घरांत कपाटात पडून आहे. दख्खनी मेंढीच्या काळ्या लोकरीची, घोंगड्या विणणाऱ्या सनगर समाजातल्या विणकरांनी खड्डामागावर, म्हणजे खड्ड्यात पाय सोडून बसायच्या हातमागावर, विणलेली. नवी घोंगडी ताठ असते ती चिंचोक्याच्या खळीमुळे. विणताना ताण्याचे, म्हणजे मागावरचे उभे, धागे तुटू नयेत म्हणून ती देतात. वापरात खळ झडते, म्हणून जुनी कमी टोचते.

वॉशिंग मशीनमध्ये ती घालूच नका. गरम पाणी आणि घुसळणं एकत्र आलं की लोकरीच्या तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकतात, घोंगडी आटते आणि पुन्हा सैल होत नाही. गार पाण्यात रिठा कालवून दहा मिनिटं भिजवा, हाताने दाबा, पिळू नका. ओली घोंगडी फार जड होते, दोरीवर टांगली तर ओढली जाते. खाटेवर पसरून वाळवा.

खरा धोका कसरीचा. तिची अळी लोकर खाते, घामाचे आणि अन्नाचे डाग असतील तिथे आधी. मळकी घडी करून ठेवणं म्हणजे तिला आमंत्रणच. कडुनिंबाच्या पाल्यावर एकट्यावर भिस्त नको. पावसाळ्यानंतर उन्हात दोन्ही बाजूंनी झटका, घड्या बदला. भोक पडलंच तर लोकरीच्याच धाग्याने रफू करा. नायलॉनचा धागा जुनी वीण कापतो.