अहवाल कुठे ठेवायचा? एका डायलॉग बॉक्सचा अनुभव

शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीसाठी मी तपासणी अहवाल तयार करणारे सॉफ्टवेअर लिहिले, तेव्हा बहुतेक तक्रारी अहवालाविषयी नव्हत्या, तर तो कुठे ठेवायचा हे विचारणाऱ्या डायलॉग बॉक्सविषयी होत्या. डॉटनेट फ्रेमवर्क या मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रॅमिंग संचातला तो जुना, झाडासारख्या फांद्या उघडत जाणारा डायलॉग होता. सर्व्हरवर आधी ग्राहक, मग कास्टिंगचा (ओतीव भागाचा) पार्ट नंबर, मग ड्रॉइंगची आवृत्ती अशी फोल्डरांची उतरंड होती आणि प्रत्येक अहवालाच्या वेळी ती अगदी वरपासून उतरावी लागे.

२००७ मध्ये बाजारात आलेल्या व्हिस्टापासून विंडोजमध्ये नवा डायलॉग आहे. त्यात वर पत्त्याची पट्टी आणि डावीकडे ठिकाणांची यादी असते. तो बसवला की काम संपले, असे मी समजलो. दुपारीच क्वालिटी विभागातल्या मामांचा फोन आला.

"साहेब, सगळे फोल्डर रिकामे दिसतात. फायली उडाल्या काय?"

फायली जागच्या जागी होत्या. हा डायलॉग फोल्डर निवडण्यासाठी उघडला की आतल्या फायली दाखवतच नाही. मामा मात्र योग्य फोल्डर ओळखत ते आत ठेवलेल्या मागच्या अहवालांवरून. नुसत्या नावावर त्यांचा विश्वास नव्हता, आणि तीन आवृत्त्यांची नावे जवळपास सारखी असताना तो असावा तरी का? म्हणून मी फोल्डर विचारणेच सोडून दिले. त्याऐवजी फाइल सेव्ह करण्याचा साधा डायलॉग उघडून त्यात पार्ट नंबर आणि तारीख मिळून बनलेले नाव आधीच भरून ठेवले. त्यामुळे जुने अहवाल समोर दिसू लागले.

पुढची चूक निखालस माझी. डायलॉग कुठे उघडावा हे सांगण्यासाठी मी 'सेटफोल्डर' हे फंक्शन वापरले होते, जे वापरणारा मागच्या वेळी कुठेही गेलेला असो, त्याला दर वेळी ठरलेल्या फोल्डरातच नेऊन सोडते. 'सेटडिफॉल्टफोल्डर' मात्र मागचे ठिकाण नोंदलेले नसेल तेव्हाच लागू होते. म्हणून तेच वापरले. हा बदल करूनही, ड्रॉइंग उघडल्यानंतर अहवालाचा डायलॉग ड्रॉइंगच्याच फोल्डरात उघडे, कारण विंडोज ही नोंद सामान्यतः प्रोग्रॅमच्या फाइलच्या नावाने ठेवते आणि माझे दोन्ही डायलॉग एकाच प्रोग्रॅमचे होते. प्रत्येकाला स्वतंत्र जीयूआयडी, म्हणजे एकमेव ओळख क्रमांक, दिला तेव्हा दोघांची आठवण वेगळी झाली. कोड दोन ओळींचा, पण त्यासाठी दोन रात्री गेल्या.

'ॲडप्लेस' हे फंक्शन वापरून चालू ग्राहकाचे फोल्डर डावीकडच्या यादीत घातले, ते सर्वांना आवडले.

सर्व्हर बंद असला की मात्र मागचे ठिकाण शोधत डायलॉग बराच वेळ अडून राहतो. म्हणून आता डायलॉग उघडण्याआधी सर्व्हर मिळतो का ते तपासून, न मिळाल्यास अहवाल तात्पुरता त्याच संगणकावर ठेवण्याची सोय करत आहे.