पट वीसच्या आत आला? आधी हजेरीपट उघडा

जिल्हा परिषदेची शाळा बंद होणार हे गावाला कळतं तेव्हा कागदोपत्री ती बरीचशी बंद झालेली असते. सप्टेंबर २०२३मध्ये समूह शाळांचे, म्हणजे आसपासच्या छोट्या शाळा एका मोठ्या शाळेत एकत्र करण्याचे, प्रस्ताव मागवले गेले, तेव्हा राज्यात वीसपर्यंत पटाच्या १४,७८३ शाळा होत्या आणि त्यांत १,८५,४६७ मुलं. पानशेत (पुणे) आणि तोरणमाळ (नंदुरबार) इथल्या समूह शाळांची उदाहरणं दिली गेली. पण तुमच्या वाडीची बाजू उदाहरणांवर नाही, आकड्यांवर मांडावी लागते.

पहिला आकडा पटाचा. संच मान्यतेला (शाळेला किती शिक्षक मंजूर हे ठरतं ती प्रक्रिया) ३० सप्टेंबरचा पट धरतात आणि तोही आधार जुळलेल्या मुलांचा. शाळेत ‘आरोही’, आधारवर ‘आरोहि’, किंवा जन्मतारखेत एका दिवसाचा फरक, एवढ्यावर वर्गात बसलेलं मूल मोजणीतून गळतं. एकवीसचे अठरा होतात ते असे. जुलैतच मुख्याध्यापकांकडून न जुळलेल्या मुलांची यादी घ्या आणि आधार केंद्रावर एकाच दिवशी सगळ्यांना न्या. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात धावपळ करून काही हाती लागत नाही.

दुसरा आकडा अंतराचा. राज्याच्या २०११च्या नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत, सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत हवी. प्रस्तावात हे अंतर बऱ्याचदा शाळेपासून शाळेपर्यंत लिहिलेलं असतं. तुम्ही वाडीच्या शेवटच्या घरापासून, मुलं चालतात त्या वाटेने मोजा. वाटेत ओढा असेल तर पावसाळ्यातला फोटो काढून ठेवा, तारखेसकट. मे महिन्यातल्या कोरड्या ओढ्याचा फोटो जोडला तर तो आपल्याच विरोधात जातो.

‘वाहनाची सोय करू’ हे तोंडी आश्वासन हमखास मिळतं. गाडी कोणाची, पैसे कोण देणार, रस्ता वाहून गेला तर काय, हे लेखी मागा.

मग ठराव. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला असतात, त्यामुळे तिचा ठराव हा पालकांचाच आवाज. गडबड इतिवृत्ताच्या वहीत होते: आधी सह्या, मग वर ‘समायोजनास हरकत नाही’, म्हणजे मुलं दुसऱ्या शाळेत हलवायला होकार. कोऱ्या पानावर सही करायची नाही, आणि बैठक संपली की त्या पानाचा फोटो मोबाईलमध्ये. ग्रामसभेचाही ठराव घ्या, पण गणपूर्ती झाल्याची नोंद पाहा (१५ टक्के किंवा १०० मतदार, जे कमी असेल ते). नाहीतर तो कागद बिनकामाचा.

पत्रं पालकांच्या नावाने जाऊ द्या. गुरुजींना पुढे करू नका, ते जिल्हा परिषदेचेच नोकर आहेत. गटशिक्षणाधिकारी, शिक्षणाधिकारी (प्राथमिक) आणि जिल्हा परिषदेचे सीईओ (मुख्य कार्यकारी अधिकारी), तिन्हीकडे प्रत आणि प्रत्येकीवर आवक क्रमांकासह पोच. दोनऐवजी एकच शिक्षक असेल तर तेही लिहा. शिक्षण हक्क कायद्यात साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक ठरलेले आहेत. शिक्षक नाही म्हणून मुलं जातात आणि मुलं नाहीत म्हणून शिक्षक मिळत नाही!

मोर्चा काढायचा तर हे सगळं हातात घेऊन काढा. शाळा बंद झाल्यावर इगतपुरीच्या दरेवाडीतल्या मुलांनी केलेलं ‘दप्तर घ्या, बकऱ्या द्या’ आंदोलन राज्यभर गाजलं ते नेमक्या मागणीमुळे. घरोघर निरोप पोचवायला मात्र खिचडी शिजवणाऱ्या ताईंइतकं कुणी उपयोगी नाही. कुठलं मूल मामाकडे गेलंय आणि दिवाळीनंतर परतणार, हे त्यांना पाठ असतं.

आणि लेखी आदेश हातात पडेपर्यंत कुणीही मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला काढू नये. पाच दाखले गेले की पुढच्या ३० सप्टेंबरला पट पाचने कमी.