आमची वाटचाल : स्क्रीनवर निळा, कागदावर वांगी

आमचा छापखाना लातूरला, तसा बाबांनी सुरू केलेला. ट्रेडल मशीन, खिळ्यांचे खण, लग्नपत्रिका आणि पावती बुकं, एवढाच पसारा. रंगाची भानगडच नव्हती तेव्हा, पत्रिका लाल पाहिजे तर लाल शाईचा डबा उघडायचा, संपलं. मी कोरल, म्हणजे डिझाईनचं सॉफ्टवेअर, शिकून आलो आणि लई शहाणा झालो होतो, कर्ज काढून जुनं दोन कलरचं ऑफसेट घेतलं, आणि लातूरला ट्यूशनवाल्यांची काय कमी, ब्रोशरची कामं लगेच यायला लागली.

गाडी अडली ती एका जयंतीच्या स्मरणिकेत. १४ एप्रिलचं काम, कव्हर पूर्ण निळं. मंडळाच्या पोरांनी आमच्याच कॉम्प्युटरसमोर बसून निळा निवडला, आरजीबीमधला, म्हणजे स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या उजेडातला, एकदम कडक, शून्य-शून्य-२५५. मी फाईल डोळे झाकून सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शायांत (आकाशी सायन, राणी कलरचा मॅजेंटा, पिवळा, काळा), बदलली आणि प्लेटला पाठवून दिली. हजार कव्हरं छापून आली ती वांग्याच्या रंगाची. मंडळाचे दादा आले, कव्हर हातात घेतलं, खिशातनं मोबाईल काढला, पोरांनी काढलेला स्क्रीनचा फोटो शेजारी धरला आणि म्हणाले, "ह्याला निळं म्हणायलात का तुम्ही?" एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. रातोरात दुसऱ्या प्लेटा, दुसरा कागद, सगळं आमच्या खिशातनं.

त्या रात्री आमच्या मशीनमन मामांनी सांगितलं की सायन १०० टक्के असंल तर मॅजेंटा ७० च्या वर जाऊ द्यायचा नाही, जवळजवळ आले की निळा जांभळ्यात जातोच. आधी का नाही सांगितलं म्हणलं तर म्हणाले, "मालक, तुम्ही फाईल केली, मला इचारलं का?" बरोबर होतं त्यांचं. दुसरं कव्हर १००-६५ वर छापलं, निळं आलं, पण स्क्रीनवर जळत होतं तसलं काही आलं नाही आणि येणारही नव्हतं, कारण स्क्रीन स्वतः उजेड फेकतो आणि शाई उलट कागदावर पडलेल्या उजेडातला काही भाग गिळून उरलेला परत पाठवते, त्यामुळं तो कडक निळा चार शायांत बसतच नाही.

मग मी मागंच लागलो. आमच्या मॉनिटरचा ब्राइटनेस फुल्ल होता आणि पांढरा निळसर, वर खोलीची भिंत पिस्ता कलरची, त्यात ट्यूबलाईट. पहिलं काम फुकटातलं केलं, कोरा आर्ट पेपर, म्हणजे ब्रोशरचा गुळगुळीत कागद, स्क्रीनशेजारी धरायचा आणि दोन्ही पांढरे सारखे दिसेपर्यंत ब्राइटनेस खाली आणायचा. नंतर स्क्रीनचा रंग मोजायचं सेकंडहँड कलरीमीटर घेतलं, आता ब्राइटनेस १२० कॅन्डेलाच्या आसपास ठेवतो. प्रूफ, म्हणजे छापायच्या आधीचा नमुना, बघायला ५००० केल्विनची, दिवसाच्या उजेडासारखी ट्यूब लावली, छपाईचा रंग जगभर त्याच उजेडात बघतात. भिंतीला राखाडी रंग दिला तेव्हा आई म्हणाली, मढ्याच्या घरावानी दिसायलंय. तिला काय सांगणार.

फोटोशॉपमध्ये फोग्रा ३९ चं प्रोफाईल, म्हणजे आर्ट पेपरवर कुठली शाई कशी दिसते त्याचा तयार हिशोब, लावून कंट्रोल-वाय दाबलं की आर्ट पेपरवर रंग कसा पडेल ते बऱ्यापैकी कळतं. रंग फिक्के पडतात, गिऱ्हाईकाचं तोंडपण पडतं, पण छापायच्या आधी पडलेलं बरं. ह्या प्रोफाईलचे नियम ठरवणाऱ्या आयसीसीची (क्रिकेटची नव्हे, रंगवाली) स्थापना १९९३ ची, म्हणजे आमच्याकडं किल्लारीच्या भूकंपाचं वर्ष. माझ्या टेबलावर पोचायला तिला एक स्मरणिका वाया जावी लागली.

मॅपलिथोवर, म्हणजे साध्या बिनचकाकीच्या कागदावर, मात्र ते प्रोफाईल चालत नाही, तो कागद शाई पितो, ठिपका पसरतो, सगळं मळकट होतं. एका डाळ मिलवाल्या काकांचं लेबल होतं, तूरडाळीचा फोटो, मोबाईलवर सोन्यासारखा. पिवळ्यात चार-पाच टक्के सायन घुसला होता, तेवढ्यानं डाळ हिरवट, दोन वर्षं पडून असल्यासारखी दिसायली. ह्या वेळी प्रूफ आधी काढलं होतं म्हणून वाचलो. तेव्हापासून व्हॉट्सॲपवर "ओके" आलं तरी प्लेट काढत नाही. इथं या, आमच्या उजेडात कागद बघा, त्याच कागदावर सही करा. उदगीरवरनं येणारे चिडतात, आम्हाला एवढ्यासाठी बोलवायलात का म्हणतात, चहा पाजतो.

भगव्याचं मात्र अजून रडगाणं आहे. शिवजयंती आली की पोरं मोबाईलवरचा पेटता भगवा घेऊन येतात आणि चार कलरमध्ये मॅजेंटा ६० करा नाहीतर ७०, ती धग येत नाही. मग तयार भगव्या शाईचा पाचवा रंग लावावा लागतो, म्हणजे एक प्लेट जास्त, रोलर धुणं आणि आमच्या दोन कलरच्या मशीनवर तिसऱ्यांदा कागद चढवणं. भाव सांगितला की पोरं एकमेकांकडं बघतात आणि म्हणतात, ऱ्हाऊ द्या, ६५ करा.