रिओतली वीस घरं

रिओला जायचं ठरलं तेव्हापासून मनात ललिता बाबर होती. आपल्या माण तालुक्यातली ही मुलगी २०१६ च्या ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत धावली, दहावी आली. ते मैदान पहिल्याच दिवशी पाहून घेतलं. दुसऱ्या दिवशी मेट्रोनं बार्रा दा तिजुका गाठलं आणि पुढे बीआरटीच्या बसनं ऑलिम्पिक पार्क.

पार्क अफाट आहे. भर उन्हात काँक्रीटवर चालताना डोळे दिपतात. एका क्रीडागृहात २०२४ पासून शाळा भरते, ते पाहून बरं वाटलं. पण त्याला आठ वर्षं लागली.

मला मात्र पाहायची होती पार्काला लागून असलेली व्हिला आउतोद्रोमो. खाडीसारख्या पसरलेल्या तळ्याकाठी कोळ्यांनी १९६० च्या दशकात वसवलेली ही वस्ती. शेजारी फॉर्म्युला वनच्या शर्यतींचं मैदान, म्हणजे पोर्तुगीजमध्ये आउतोद्रोमो, झालं, त्यावरून हे नाव पडलं. लोकांकडे सरकारनं दिलेले ९९ वर्षांचे पट्टे होते. तरीही ऑलिम्पिकसाठी सहाशेच्या आसपास कुटुंबं उठवली गेली. जून २०१५ मध्ये घरं वाचवायला उभ्या राहिलेल्या लोकांची महापालिकेच्या सुरक्षा दलानं डोकी फोडली. शेवटी हटली नाहीत ती फक्त वीस कुटुंबं. त्यांना एकाच साच्याची वीस पांढरी घरं बांधून मिळाली. जुनं चर्च तेवढं जागच्या जागी राहिलं.

आणि ज्या राज्यात हे सगळं झालं त्याच्या तिजोरीत तरी काय होतं? स्पर्धेला ४९ दिवस उरले असताना रिओ राज्यानं आर्थिक आणीबाणी जाहीर केली. शिक्षकांचे, पोलिसांचे पगार थकले होते, इस्पितळांत औषधं नव्हती. ब्राझीलच्या केंद्र सरकारनं २९० कोटी रेआल (तिथलं चलन) दिले, तेव्हा कुठे पाहुण्यांपुढे अब्रू राहिली. हे वाचलेलं होतं, पण तिथे उभं राहिल्यावर मला त्याचा फार राग आला.

या लोकांनी विस्थापनाचं संग्रहालय केलंय. त्याला भिंती नाहीत. पाडलेल्या घरांचे अवशेष आणि पाट्या वस्तीभर आहेत, आपण त्यांतून चालायचं. अंगण झाडणाऱ्या एका आजींनी माझं मोडकं पोर्तुगीज समजून घेतलं, झाडू भिंतीला टेकवला आणि बरोबर आल्या. एके ठिकाणी थांबून त्यांनी हातानं हवेत चौकोन काढला. इथे चूल, इथे मोरी, इथे खिडकी. खिडकीतून तळं दिसायचं म्हणे. आम्ही उभ्या होतो ते वाहनतळाचं डांबर होतं आणि त्यावर एकही गाडी नव्हती.